टर्बो पेट्रोल गाडीचा एअर इनटेक बदलण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणारे आणि रोज पीथमपूरला कारखान्यात जाणारे एक गृहस्थ २०१८ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० चालवतात. गाडीत आजवर काहीही बदललेले नाही. इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातला, म्हणजे एअर इनटेकमधला, मूळ एअर बॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि ७६ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा पाइप बसवला, तर वीस हॉर्सपॉवर वाढतील, असे त्यांना एका दुकानात सांगण्यात आले आहे. या कामाला चाळीस हजार रुपये घालावेत की नाही, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

माझे उत्तर असे की त्या किटवर घालू नयेत. मी इंदूरमध्ये गेली बावीस वर्षे हेच काम करतो आहे आणि असे किट मी स्वतः अनेक गाड्यांना बसवले आहेत, त्यामुळे हा नकार वरवरचा नाही.

कंपनीने छापलेले आकडे नीट वाचले, तर अर्धे उत्तर तिथेच मिळते. या इंजिनाची २३० हॉर्सपॉवर ही कमाल शक्ती मिनिटाला ४७०० पासून ६२०० फेऱ्यांपर्यंत एकसारखी दाखवलेली आहे, आणि ३५० न्यूटन मीटरचा टॉर्क १५०० पासून ४६०० फेऱ्यांपर्यंत. कोणतेही इंजिन केवळ स्वतःच्या श्वासावर चालत असते, तर त्याचा आलेख टेकडीसारखा चढला आणि उतरला असता. तो टेबलासारखा सपाट दिसतो, याचा अर्थ संगणकाने ठरवून तिथे झाकण ठेवलेले आहे. चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की संगणक आधी किती टॉर्क द्यायचा ते ठरवतो, त्यासाठी किती हवा लागेल याचा हिशेब करतो आणि तेवढी हवा मिळेपर्यंत टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याकडून, काम करून घेतो. हवेचा मार्ग मोकळा झाला, तर टर्बोला तीच हवा कमी कष्टात मिळते, पण संगणकाने मागितलेली हवा त्यामुळे वाढत नाही. म्हणून रीमॅप न केलेल्या, म्हणजे संगणकातला मूळ हिशेब न बदललेल्या, टर्बो गाडीत नुसत्या इनटेकमधून वीस हॉर्सपॉवर निघण्याचा मार्गच उरत नाही. जे काही निघते ते कमाल फेऱ्यांच्या टोकाला, जिथे टर्बो आधीच थकलेला असतो तिथे, आणि तेही थोडे.

आता हवेचे प्रमाण पाहू, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. साधारण २३० हॉर्सपॉवरला सेकंदाला १८० ग्रॅमच्या आसपास हवा लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथला वातावरणाचा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो. मे महिन्यात ४० अंशांना इथल्या एका घनमीटर हवेचे वजन एक किलोपेक्षा थोडेसेच जास्त भरते. म्हणजे पूर्ण जोरात असताना ही गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७० लिटर हवा ओढते. बांधकामावर पाण्यासाठी ठेवतात तो दोनशे लिटरचा पिंप डोळ्यांसमोर आणला, तर अंदाज येईल. हीच गाडी वडोदऱ्याला नेली, तर काहीही न बदलता तिला सुमारे सहा टक्के दाट हवा मिळते, आणि मूळ आकडे गाठायला टर्बोला कमी फिरावे लागते. इंदूरच्या टर्बोला हा जास्तीचा भार रोजचा आहे.

हवेच्या मार्गात दोन प्रकारचे नुकसान होते. एक दाबाचे, म्हणजे फिल्टर, वळणे आणि अरुंद जागा यांतून हवा ओढताना दाब घटतो. दुसरे तापमानाचे, म्हणजे बोनेटखालची तापलेली हवा आत जाते. दुकानात नेहमी पहिल्याविषयी बोलले जाते. इंदूरच्या उन्हाळ्यात दुसरे कितीतरी महाग पडते. समजा, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, एकूण दोनशे किलोपास्कल दाब हवा आहे आणि बाहेर ४० अंश तापमान आहे. कॉम्प्रेसरची, म्हणजे टर्बोमधल्या हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर मार्गात काहीही अडथळा नसताना टर्बोमधून निघणारी हवा १४६ अंशांच्या आसपास असेल. मार्गात तीन किलोपास्कलचा अडथळा आला, जो चांगलाच मोठा म्हणावा लागेल, तर ती आणखी चार-पाच अंशांनी तापेल. मात्र टर्बोच्या तोंडाशी ४० ऐवजी ६५ अंशांची हवा आली, तर बाहेर पडणारी हवा १८० अंशांवर जाते. अडथळ्याने चार-पाच अंश आणि गरम हवेने तेहतीस-चौतीस. टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर यातला बराच भाग शोषून घेतो हे खरे, परंतु तो स्वतःही तापत जातो, आणि आत जाणारी हवा तापली की ठोका (सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी पेटल्याचा धक्का) येऊ नये म्हणून संगणक स्पार्कची वेळ मागे घेतो. गाडी दुपारी मरगळल्यासारखी वाटते आणि पहाटे खुलते, त्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

उघडा शंकू फिल्टर हे नुकसान विकत घेतो. पलासियाच्या सिग्नलवर दोन फेऱ्या थांबावे लागले, की बोनेटखालची हवा साठ-पासष्ट अंशांवर सहज जाते. छप्पन दुकान या खाऊगल्लीशी गाडी लावून पोहे खाऊन परत यावे, तर पंखा थांबलेला असल्यामुळे ती त्याहूनही वर गेलेली आढळते. गाडी साठच्या वेगाने चालू लागली की ती उतरते, पण एकदा तापलेला ॲल्युमिनियमचा पाइप लवकर निवत नाही, आणि शहरात आपण साठच्या वेगाने कितीसे चालतो? या किटबरोबर पत्र्याची एक आडभिंत मिळते, तिला हीट शील्ड म्हणतात. वरून बोनेटला रबराची पट्टी टेकत असेल, तर तिचा उपयोग होतो; दोन बोटांची फट राहिली, तर ती केवळ शोभेची. खात्री करायची असेल, तर लांब वायर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, त्याचे टोक फिल्टरच्या तोंडाशी चिकटवावे आणि आकडा केबिनमध्ये बसून पाहावा. स्कॅनरवर दिसणाऱ्या इनटेकच्या तापमानावर इथे विसंबू नये, कारण टर्बो गाडीत तो सेन्सर बहुधा इंटरकूलरनंतर असतो आणि तो फिल्टरजवळची नव्हे, तर थंड करून झालेल्या हवेची बातमी देतो.

आता दाबाचे नुकसान. हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्यावी, लाकडी फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधावी, बाजूला शाळेतल्या दोन फूटपट्ट्या चिकटवाव्यात आणि निम्म्यापर्यंत पाणी भरून त्यात शाईचे दोन थेंब टाकावेत. नळीचे एक टोक हवेत उघडे ठेवावे आणि दुसरे एअर बॉक्सनंतरच्या पाइपात एक छोटे भोक पाडून, बारीक निपल बसवून जोडावे. मोजणी संपल्यावर ते निपल टोपी घालून पक्के बंद करायला विसरू नये. इंजिन हवा ओढू लागले की त्या बाजूचे पाणी वर चढते, आणि दोन पातळ्यांमधला फरक हाच दाबाचा फरक. दहा सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल, म्हणजे इंदूरच्या हवेत साधारण एक टक्का. यू आकारातल्या नळीची प्रत्येक बाजू किमान साठ सेंटिमीटर उंच असावी. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा नळी आखूड घेतली होती, आणि इंजिनाने डोळ्यांदेखत दोन चमचे निळे पाणी पिऊन टाकले. पाणी तेवढेच होते म्हणून निभावले.

मोजणी डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चालवून तिची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, झाली तर उत्तम. ते शक्य नसेल, तर पहाटे मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर, शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर पाण्याचे चित्रण करायला सांगून, दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजार फेऱ्यांपर्यंत एकदाच ओढावे. आपल्या गाडीत तिथवर वेग शंभराच्या बराच आत राहतो. सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर रात्री गाड्या पळवण्याचे जे प्रकार चालतात त्यात सामील होऊन ही मोजणी करू नये. पीथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक आपल्या कारखान्याच्या वाटेवरच म्हणावा असा आहे. एखाद्या कार्यक्रमाच्या निमित्ताने तिथे संधी मिळाली, तर ही फळी जरूर बरोबर ठेवावी.

एकाच ठिकाणी मोजून थांबू नये, हे या पद्धतीचे मर्म आहे. आधी फिल्टरच्या अलीकडे, मग फिल्टरच्या पलीकडे, मग टर्बोच्या अगदी तोंडाशी, अशा तीन जागी मोजले, की कोणता तुकडा किती खातो ते वेगवेगळे कळते. माझा अंदाज असा आहे की आपल्या गाडीत फिल्टर आणि बॉक्स यांच्या वाट्याला थोडे येईल, आणि मोठा भाग घड्या असलेल्या रबरी होजमध्ये (नळीत) व टर्बोच्या तोंडाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या कोपरात, म्हणजे वळणाच्या तुकड्यात, निघेल. तसे आढळले, तर त्या चाळीस हजारांच्या किटमधला फिल्टर आपण ज्या दुखण्यावर घेणार आहात ते दुखणे तिथे नव्हतेच. आतून गुळगुळीत होज आणि मोठ्या वळणाचा कोपर या दोन वस्तू स्वतंत्र मिळतात आणि मूळ बॉक्स न हलवता बसतात.

पाइपाच्या व्यासाविषयी बरेच गैरसमज आहेत. सेकंदाला १७० लिटर हवा ६३ मिलिमीटरच्या पाइपातून नेली, तर तिचा वेग सुमारे ५५ मीटर प्रतिसेकंद होतो आणि ७६ मिलिमीटरमधून नेली तर ३७-३८. नुकसान वेगाच्या वर्गाच्या पटीत असल्यामुळे ते निम्म्यावर येते, हे खरे आहे. परंतु ज्या पाइपाचे पुढचे टोक पुन्हा मूळ अरुंद कोपरातच शिरते, त्याला मध्येच रुंद करून फारसे काही साधत नाही. त्याउलट, ज्या तोंडातून हवा आत शिरते त्या तोंडाच्या कडेकडे कोणी पाहत नाही. धारदार, सरळ कापलेल्या कडेवर हवा अडखळते आणि वेगामुळे तयार होणाऱ्या दाबाच्या जवळजवळ निम्मा दाब तिथेच वाया जातो. तीच कड सनईच्या तोंडासारखी बाहेर वळवून गोल केली, तर हे नुकसान दहाव्या हिश्शापर्यंत उतरते. ७० मिलिमीटरच्या तोंडावर याचा फायदा पाण्याच्या चार-पाच सेंटिमीटरइतका, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो, आणि खर्च लेथवाल्याच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. मला स्वतःला या कामात सर्वांत जास्त समाधान मिळते, हे कबूल करायला हरकत नाही.

समोरच्या जाळीतून वाऱ्याचा जोर घेऊन बूस्ट वाढवण्याच्या कल्पनेबद्दल एवढेच सांगतो, की ताशी शंभर किलोमीटरला वाऱ्याचा दाब पाण्याच्या चार सेंटिमीटरांएवढा असतो, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. जाळीतून थंड हवा मिळते हाच तिचा लाभ, आणि तो आपल्या मूळ बॉक्सला आधीच मिळतो आहे.

धुळीविषयी मात्र थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण आपला रोजचा रस्ता राऊवरून ट्रकांच्या मागून जाणारा आहे. माळव्याची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते, आणि त्यात बांधकामांची वाळू मिसळते. ही वाळू पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजवते, तर टर्बोच्या मिनिटाला लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या चाकाच्या कडा बोथट करते. मूळ कागदी फिल्टर या कामात उत्कृष्ट असतो. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर हवा मोकळी सोडतात, पण सहसा धूळही थोडी जास्त सोडतात. टक्केवारीत हा फरक क्षुल्लक दिसतो: समजा, एक फिल्टर ९९.५ टक्के धूळ अडवतो आणि दुसरा ९८.५. अडलेल्या धुळीकडे पाहिले तर फरक एका टक्क्याचा. आत गेलेल्या धुळीकडे पाहिले, तर ती तिप्पट. फिल्टर घेताना आयएसओ ५०११ या मानकानुसार झालेल्या चाचणीचा आकडा मागावा, आणि तो मिळत नसेल तर मूळ कागदी फिल्टरच वेळेवर बदलत राहावे. काळवंडलेला दिसतो म्हणून मात्र तो घाईने फेकू नये. नळीवरचा आकडा नव्याच्या तुलनेत स्पष्ट वाढल्यावर बदलावा.

पावसाळ्याचा मुद्दा मी पैसे मोजून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या हॅचबॅकला मी बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे फिल्टर बसवला होता. हवा तिथे खरोखरच थंड मिळत होती आणि मी स्वतःवर खूश होतो. जुलैमध्ये एका रेल्वे पुलाखाली चाकाच्या निम्म्याहून थोडे कमी पाणी होते. समोरून आलेल्या बसने लाट उडवली आणि गाडी जागीच बंद पडली. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे वर येणाऱ्या पिस्टनसमोर ते आले की वाकते ती कनेक्टिंग रॉड. मी आणखी मूर्खपणा असा केला की दोनदा स्टार्टर मारून पाहिला. इंजिन उघडावे लागले, आणि विमा कंपनीने हे नुकसान पॉलिसीत बसत नाही असे कळवले. इंजिनासाठीचे वेगळे संरक्षण मी घेतलेले नव्हते. रेडिएटरच्या वर असलेले मूळ तोंड कंपनीने उगाच तिथे ठेवलेले नाही.

इतर गाड्यांच्या मालकांसाठी एक सूचना इथेच देतो. ज्या गाडीत एअर बॉक्सनंतर पाइपातच हवा मोजणारा सेन्सर असतो, तिथे पाइपाचा व्यास बदलणे धोक्याचे आहे. तो सेन्सर आपल्या जागेवरचा प्रवाह पाहून संपूर्ण पाइपाचा अंदाज करतो. ६३ चा पाइप ७६ चा केला, तर तेवढ्याच हवेला तो जवळजवळ तीस टक्के कमी दाखवतो, आणि संगणक त्या मानाने पेट्रोल कमी सोडतो. वर फिल्टरचे तेल त्याच्या तारेवर बसले, तर आणखी घोळ होतो. ऑक्टाव्हियाच्या या इंजिनाचा हिशेब मॅनिफोल्डमधल्या दाबावर व तापमानावर चालतो, त्यामुळे हे संकट आपल्यावर नाही. तरीही बोनेट उघडून एकदा पाहून घ्यावे. टर्बो नसलेल्या गाडीचे गणित वेगळे आहे: तिथे इनटेक मोकळा केल्याचा लाभ थेट मिळू शकतो, पण आवाज कमी करण्याचा रिकामा डबा समजून जो रेझोनेटर काढून टाकतात, त्याने मधल्या फेऱ्यांतला टॉर्कही सांभाळलेला असू शकतो.

मग शक्ती वाढवायची कशी? आपल्या गाडीत ती रीमॅपने वाढते, आणि इनटेकला खरा अर्थ त्यानंतर येतो. रीमॅपनंतर वीस टक्के जास्त हवा लागू लागली, तर मार्गातले दाबाचे नुकसान १.४४ पट होते. आज पाण्याच्या वीस सेंटिमीटरवर भागणारी गाडी तेव्हा एकोणतीसवर जाईल, आणि तेव्हा होज व कोपर बदलल्याचा फरक डायनोवर दिसेल. रीमॅप करणाऱ्याला पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आणि मे महिन्यातले ४२ अंश हे दोन्ही गृहीत धरायला सांगावे. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावे लागते आणि इंजेक्टरवरचा भार वाढतो.

डायनोचा कागद हाती आला, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, आधीच्या आणि नंतरच्या धावा एकाच दिवशी, सारख्याच गरम इंजिनावर, प्रत्येकी किमान तीन वेळा झाल्या आहेत का. एकच गाडी काहीही न बदलता एक-दोन टक्के वरखाली दाखवते, आणि २३० वर दोन टक्के म्हणजे साडेचार हॉर्सपॉवर. दुसरी, तापमान व दाबाची दुरुस्ती कोणत्या मानकाने केली आहे. ही सूत्रे मुळात टर्बो नसलेल्या इंजिनांचा विचार करून आली आहेत. टर्बोच्या संगणकाने उंचीची भरपाई आधीच केलेली असताना सूत्र ती पुन्हा करते, आणि इंदूरची गाडी कागदावर उगाचच तगडी होते. धावांच्या मध्ये बोनेट उघडे ठेवून समोर मोठा पंखा लावलेला असेल, तर उघडा शंकू फिल्टर नक्कीच चांगला दिसेल. पलासियाला बोनेट बंद असते.

कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. बॉक्समधला फिल्टर किंवा होज बदलल्याने तसा प्रश्न उभा राहत नाही, रीमॅपचा विचार मात्र विमा व वॉरंटी वाचून करावा. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातून, येणारी वाफेची नळी नव्या होजला जोडलीच पाहिजे. ती तशीच लोंबकळत सोडलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

क्रम असा ठेवा: आधी नळीने व थर्मामीटरने मोजणी, मग मूळ बॉक्समध्ये नवा फिल्टर आणि गोल कडेचे तोंड, मग आकड्याने दाखवले तर होज व कोपर. काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात, कारण नवा रबर बसतो आणि क्लिप ढिली पडते. त्याच वेळी टर्बोकडचा होज सोडून, बोटाला पांढरा रुमाल गुंडाळून आतून फिरवावा. तेलाचा पातळ ओशटपणा आला तर तो वाफेच्या नळीचा आहे, काळजी नको. रुमालावर मातकट पट्टा उठला, बोटांत चोळल्यावर तो करकरला, तर फिल्टरची कड कुठेतरी बसलेली नाही, आणि ती सापडेपर्यंत गाडी सुरू करू नये.